पद्मजाबाईंची उडी

घरात एक इंजिनिअर असला की घरातली एकही वस्तू धड दुरुस्त होत नाही, हा अनुभव घरोघरचा. परबांचा मुकुल तर नुसता इंजिनिअर नव्हता, अंधेरीतल्या एका कंपनीत 'सोल्युशन आर्किटेक्ट' होता. म्हणजे नक्की काय करतो, ते त्याच्या आईला, पद्मजाबाईंना, पंधरा वर्षांत कळलं नव्हतं. सोल्युशन सोडून बाकी सगळं त्याच्याकडे मिळतं, एवढंच कळलं होतं. वाय-फाय गेलं, फोनवरून साहेब सांगणार, "आई, रिस्टार्ट कर." टीव्ही अडला, "रिस्टार्ट कर." एकदा मिक्सरमधून जळका वास आला, तेव्हाही सवयीनं त्याच्या तोंडून तेच निघालं. ह्या एका शब्दावर पोरानं अंधेरीत फ्लॅट घेतला, तेव्हा शब्दात काहीतरी ताकद असणारच.

पद्मजाबाईंनी मात्र टेलिफोनच्या तक्रार खात्यात, घाटकोपरला, बत्तीस वर्षं लोकांच्या शिव्या कानात घेतल्या होत्या. त्यातून एक शहाणपण पक्कं झालेलं. 'फोन मेला' म्हणून माणूस गळा काढतो, तेव्हा दहातले सहा फोन जिवंत असतात. कुणाच्या तरी झाडूनं वायर ओढलेली असते. त्यामुळे सत्तरी गाठली तरी मुलुंडच्या गवाणपाड्यातल्या त्यांच्या सोसायटीत कुणाचंही काहीही बंद पडलं की लोक पहिल्या मजल्यावर परबांचीच बेल वाजवायचे.

तिसऱ्या मजल्यावरची शुभा तर आठवड्याला ठरलेली. ही सोसायटीच्या हरित समितीची अध्यक्ष. पृथ्वी वाचवायची जबाबदारी तिच्यावर, पण स्वतःचा प्रिंटर वाचवता येत नव्हता.

"काकू, लॅपटॉप पार गेला हो! वाट लागली माझी!"

"बोर्डाचं बटण चालू आहे का?"

"चालूच असणार ना काकू."

"असणार नको. जा, बघून ये."

शुभा वर जायची आणि परत यायची नाही. चालू झाल्याचा निरोप असा न येण्यातूनच कळायचा. थँक्यू म्हणायला कुणाला जिना उतरायला लागतोय!

तर ह्या शुभानं ऑक्टोबरात नोटीस लावली: रविवारी सकाळी अकरा वाजता ई-कचऱ्याची गाडी येणार, जुन्या वस्तू द्या, निसर्ग वाचवा. ती नोटीस मुकुलनं सोसायटीच्या ग्रुपवर वाचली आणि अंधेरीत बसल्या बसल्या आपल्या आईवडिलांच्या घरातला जुना कॉम्प्युटर परस्पर लिहून टाकला. मग फोन केला.

"आई, तो डबा देऊन टाक आता. म्युझियममध्येपण घेणार नाहीत त्याला. जागा अडवून बसलाय नुसता."

"जागा तर तुझा प्रिंटरही अडवतोय," पद्मजाबाई म्हणाल्या. मुकुलनं दोन वर्षांपूर्वी आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला प्रिंटर दिला होता. त्यानं आजपर्यंत एकही कागद छापला नव्हता. आत कागद नसतानाही 'कागद अडकला' म्हणायचा.

"प्रिंटर नवीन आहे गं. आणि तू त्या डब्याचं करतेस काय? दसऱ्याला हळदकुंकू वाहतेस, बस."

"मला त्यावर एक काम उरकायचंय."

"काय, विसावी लेव्हल?" मुकुल खो-खो हसला. "सोड ना आई. तुझी उडी चुकणार."

पद्मजाबाईंनी फोन ठेवला. लागलं त्यांना. बावीस वर्षं लागत होतं, रोज नव्यानं.

हे उडीचं प्रकरण असं. मुकुल इंजिनिअरिंगला गेला तेव्हा, दोन हजार एक साली, घरात कॉम्प्युटर आला. मुकुल होस्टेलला, कॉम्प्युटर घरी, असा अभ्यासाला पोषक योग होता. त्यात एक गेम होता. एक बुटका माणूस डोक्यावर टोपी घालून किल्ल्यातून पळतो. वाटेत खड्डे, काटे, वटवाघळं. खऱ्या नावाशी कुणाला कर्तव्य नव्हतं, घरात त्याला बंड्या म्हणत. बंड्याला पाच जीव आणि वीस लेव्हल. एक लेव्हल पार झाली की पुढच्या लेव्हलचा आठ अक्षरी कोड पडद्यावर यायचा. तो लिहून ठेवला की दुसऱ्या दिवशी थेट तिथूनच सुरुवात. परबांच्या घरात लिहायची जागा एकच, भिंतीवरचं कॅलेंडर. एकाच चौकोनात दुधाचा खाडा, गॅसचा नंबर आणि बंड्याचा कोड सुखानं नांदायचे.

हा गेम जगात सगळे एकेकटे खेळत असतील. परब नवराबायको दोघं मिळून एकाच कीबोर्डावर खेळायचे. बाण मधुकररावांचे, स्पेस बार पद्मजाबाईंचा. म्हणजे पळवायचं त्यांनी, उडी मारायची हिनं. संध्याकाळी सात वाजता पद्मजाबाई ऑफिसातून यायच्या, चहा व्हायचा आणि दोघं त्या एका टेबलाशी खुर्च्या चिकटवून बसायची. असं करत करत पावणेदोन वर्षांत एकोणीस लेव्हल काढल्या. विसावीत मात्र गाडं अडलं. शेवटी एक मोठा खड्डा, त्यापलीकडे सोन्याचं दार. पूर्ण वेगात यायचं आणि अगदी कडेवर उडी मारायची. बंड्या पळत यायचा, पद्मजाबाई स्पेस बार दाबायच्या, आणि बंड्या दारापासून दोन बोटं अलीकडे खड्ड्यात. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सात महिने.

त्या दिवाळीत मुकुल घरी आलेला. मागे उभा राहून त्यानं तमाशा पाहिला. पद्मजाबाई म्हणाल्या, "स्पेस बार अडकतोय रे." तो म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं! आई, तुझी उडी चुकते." झालं. ते घरातलं ब्रीदवाक्यच झालं. दूध उतू गेलं, आईची उडी चुकली. बस सुटली, आईची उडी चुकली. स्वतःच्या लग्नात ह्या कार्ट्यानं अंतरपाट दूर झाल्यावर आईच्या अक्षता उशिरा पडल्या म्हणूनसुद्धा तेच ऐकवलं, आणि नव्या सुनेच्या माहेरचे सगळे हसले. मधुकरराव तेवढे कधीच हे वाक्य बोलले नाहीत. बावीस वर्षांत एकदाही नाही. पद्मजाबाईंनी ह्याबद्दल त्यांना मनातल्या मनात चांगुलपणाचे मार्क देऊन ठेवले होते.

पुढं पद्मजाबाईंनीच खेळणं सोडलं. "माझ्यामुळे अडतंय, नकोच ते," म्हणाल्या. कॉम्प्युटरवर भरतकामाचं कापड पडलं. आणि आता रविवारी अकरा वाजता तो डबा गेला की ती उडी कायमची चुकलेलीच राहणार होती.

"गाडी यायच्या आत मी ती लेव्हल काढणार," शनिवारी सकाळी त्यांनी जाहीर केलं.

मधुकरराव सोफ्यावर पेपर वाचत होते. चौऱ्याहत्तरीचा माणूस; भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते, कारखान्याला टाळं लागलं तेव्हा पन्नाशी नुकती ओलांडलेली. हल्ली बोलणं कमी झालं होतं. वर्षभरापासून उजवा हात थरथरायचा, त्यामुळे पेपर हातात घेतला की एकसारखा सळसळायचा. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. म्हणून पद्मजाबाई चहाही अर्धाच कप भरायच्या, आणि कारण विचारलं तर साखरेचं सांगायच्या.

"कशाला गो आता?" पेपराआडून आवाज आला. "गेलं ते गेलं."

"तुमचं काय गेलं? उडी माझी चुकायची."

पेपर क्षणभर सळसळायचा थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

पद्मजाबाईंनी कापड काढलं, बटण दाबलं. कॉम्प्युटरनं तीन वेळा बोंब मारली आणि पडदा काळा. मुकुलला फोन केला असता तर काय सांगितलं असतं ते माहीतच होतं. त्यांनी स्क्रू काढले, पत्रा उघडला. आत वीस दसऱ्यांचं कुंकू, हळद, अक्षता, वाळलेली आपट्याची पानं. एखाद्या जागृत देवस्थानाचा गाभारा बरा! मऊ ब्रशनं सगळं झाडलं, मेमरीची पट्टी उपटली, तिचे पितळी दात खोडरबरनं खसाखसा घासले आणि परत दाबून बसवली. हा उपाय आर्किटेक्टांच्या पुस्तकात नसावा. कॉम्प्युटर घरघरला, पंखा फिरला, आणि पडद्यावर बिल्डिंगइतकं मोठं तारखेचं भूत उभं राहिलं: एक जानेवारी दोन हजार. आतली छोटी बॅटरी मेलेली. त्याच्या हिशेबानं मुकुलला अजून मिशी फुटायची होती. पद्मजाबाईंनी पुढे जायचं बटण दाबलं. बंड्या टोपी हलवत हजर झाला आणि म्हणाला, कोड द्या.

इथं दुष्काळात तेरावा महिना. कोड होता दोन हजार तीनच्या कॅलेंडरवर, आणि ते कॅलेंडर गेलं असणार रद्दीत. पहिल्या लेव्हलपासून खेळायचं तर महिनाभर लागला असता. त्यांनी माळा पाहिला, पलंगाखालची ट्रंक पाहिली, देवघराचं कपाट पाहिलं. मधुकरराव सोफ्यावरून दर दहा मिनिटांनी म्हणत होते, "नाय मिळणार. सोड." आजवर कशाचीही चौकशी न करणारा माणूस चहाच्या वेळेपर्यंत चारदा विचारून गेला, "मिळालं?"

शेवटी कंटाळून त्या लिंबाचं लोणचं काढायला स्वयंपाकघरात गेल्या. बरणी उचलली तर तिच्या बुडाला चिकटून फळीवरचा कागद वर आला. तेलकट, पिवळा. वर मोदकांची पाककृती. पद्मजाबाईंनी तो सहज उलटा केला आणि तिथंच उभ्या राहिल्या. मे, दोन हजार तीन. काखेत कळसा आणि गावाला वळसा! जुन्या कॅलेंडरची पानं त्यांनीच दिवाळीच्या साफसफाईत फळ्यांवर घातली होती, पाककृतीची बाजू वर ठेवून.

कोड होता, सात तारखेच्या चौकोनात, त्यांच्याच अक्षरात. त्यांनी मोठ्यानं "मिळाला!" म्हणून हाक मारायला तोंड उघडलं आणि नजर खाली गेली. बारा तारखेपासून रोज 'दूध अर्धा लिटर' लिहिलेलं. बरोबर, त्या मेमध्ये आई आजारी म्हणून त्या पंधरा दिवस कणकवलीला होत्या; परत आल्या तेव्हा कोड तोंडपाठच होता, पुन्हा ह्या पानाकडे बघितलंच नव्हतं. आणि एकोणीस तारखेला, दुधाच्या खाली, मधुकररावांच्या फिटरी अक्षरात बारीक ओळ होती.

'२० झाली. एकटाच. मजा नाही.'

पद्मजाबाईंनी ती ओळ तीनदा वाचली. मग स्टुलावर बसल्या. बत्तीस वर्षं तक्रारी ऐकलेल्या बाईला दोष कुठं आहे ते शोधायला वेळ लागत नाही. बाण एक क्षण आधी सोडला की बंड्याचा वेग पडतो. मग उडी कितीही वेळेवर मारा, ती तोकडीच पडणार. बघणाऱ्याला वाटणार, उडी चुकली. मारणारीलाही तेच वाटणार.

त्या बाहेर आल्या आणि कागद मधुकररावांच्या पेपरावर ठेवला.

"हे काय आहे?"

मधुकररावांनी चष्मा नाकावर सरकवला. "मोदकांची पाककृती."

"उलटा करा."

त्यांनी उलटा केला. पद्मजाबाई समोर उभ्याच राहिल्या.

"कारखाना बंद झालेला," ते म्हणाले. "मुकुल होस्टेलला. सकाळी तू गेलीस की घरात मी आणि घड्याळ. तू गावाला होतीस तेव्हा एका दुपारी दोन्ही हातांनी खेळलो, तर झाली. दार उघडलं, बंड्या आत गेला, संपलं. मग बसून राहिलो. म्हटलं, आता ही आल्यावर सात वाजता काय करायचं? तू पर्स टाकून म्हणायचीस, 'चला, आज काढूच.' दिवसभरात तेवढंच माझं काय ते होतं. काढली असती तर तू चहा पिऊन सरळ भाकरी थापायला गेली असतीस."

"म्हणून सात महिने मला खड्ड्यात घातलंत?"

"तुला नाय गो. बंड्याला."

"बंड्याला पाच जीव होते हो! मेला की उठायचा. मला एकच होता!" पद्मजाबाईंचा आवाज चढला. "खात्याची परीक्षा होती त्या वर्षी, आठवतंय? सुपरवायझरची. मी फॉर्म भरला नाही."

"तू म्हणालीस, घराकडे बघायला वेळ मिळणार नाही."

"ते तुम्हाला सांगायला. मनात म्हटलं, ज्या बाईला एक स्पेस बार वेळेवर दाबता येत नाही, तिचं डोकं आता मंद झालं. ती काय वीस माणसं सांभाळणार? माझ्यामागून खात्यात आलेली मुलगी परीक्षा देऊन माझ्या डोक्यावर बसली. आठ वर्षं मी तिला मॅडम म्हटलं."

मधुकररावांना हे खरंच माहीत नव्हतं. पद्मजाबाईंनी मनातले ते चांगुलपणाचे मार्क व्याजासकट परत घेतले आणि त्या दिवशी त्यांच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. आमटीत मीठ मात्र बरोबर पडलं. इतकं की मधुकररावांना जास्तच धास्ती वाटली.

रविवारी सकाळी दहा वाजता पद्मजाबाईंनी कॉम्प्युटर लावला. कोड घातला. दोन खुर्च्या टेबलाशी चिकटवल्या.

"या."

"मी कशाला? तू दोन्ही हातांनी..."

"बाण तुमचे. आणि आज मुद्दाम पडलात तर सांगून ठेवते, कॉम्प्युटरबरोबर तुम्हालाही गाडीत घालीन. शुभा पावती देते."

मधुकरराव आले, बसले. उजव्या हाताचं बोट बाणावर ठेवलं. बंड्या निघाला. वटवाघळं चुकवली, काटे ओलांडले. पद्मजाबाईंचं बोट अजून तयार होतं, त्यांनाच नवल वाटलं. मोठा खड्डा आला. त्यांनी अगदी कडेवर स्पेस बार दाबला. बंड्या दोन बोटं अलीकडे पडला.

"अहो!"

मधुकररावांनी बोट पुन्हा बाणावर नेलं. दुसरा जीव, तसाच. तिसऱ्या वेळी पद्मजाबाईंनी खड्ड्याकडे बघितलंच नाही, बाणावरच्या बोटाकडे बघितलं. ते बोट दाबून धरलेलं राहत नव्हतं. थरथरत उचललं जायचं, पुन्हा टेकायचं, पुन्हा उचललं जायचं. मधुकररावांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं होतं. कपाळावर घाम आलेला. त्या थरथरीची पद्मजाबाईंना वर्षभर कपापुरतीच ओळख होती. शर्टाची बटणं हल्ली ते आत दार लावून का लावतात, ते त्यांना आत्ता कळलं.

चौथा जीव गेला. घड्याळात पावणेअकरा. एक जीव उरला होता, आणि एकटीनं दोन्ही हातांनी खेळलं तर काम पाच मिनिटांचं होतं. हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. मधुकररावांनाही दिसत असावं, कारण त्यांनी हात काढून मांडीवर घेतला.

"तू काढ."

"बाण कुणाचे ठरलेत?"

त्यांनी पुन्हा बोट ठेवलं. बंड्या पळाला, कडेशी आला, वेग पडला. पद्मजाबाईंनी वेळेवर उडी मारली. बंड्या खड्ड्यात गेला आणि पडद्यावर खेळ संपल्याची पाटी आली.

मधुकरराव त्या पाटीकडे बघत राहिले. मग अगदी हळू, गावच्या बोलीत म्हणाले, "ह्या खेपेक मुद्दाम नाय गो."

पद्मजाबाईंनी कीबोर्ड बाजूला सारला. त्यांना रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता.

बेल वाजली. शुभा दारात, हातात यादी, गळ्यात हिरवी पट्टी. "काकू, कॉम्प्युटर तयार ना? गाडी आली खाली."

पद्मजाबाई आत गेल्या आणि मुकुलचा प्रिंटर उचलून तिच्या हातात दिला. "हा घे."

"अय्या, हा तर नवा आहे!"

"जन्मल्यापासून मेलेलाच आहे. ने."

"पण यादीत कॉम्प्युटर लिहिलाय मुकुलनं..."

"यादी रिस्टार्ट कर."

शुभा गेली. पाच मिनिटांत मुकुलचा फोन. ग्रुपवर प्रिंटरचा फोटो पडला असणार. पद्मजाबाईंनी स्पीकर लावला, कारण हातानं त्या खुर्च्या सरळ करत होत्या.

"आई, काय हे? प्रिंटर दिलास? आणि तो डबा? झाली का तुझी विसावी लेव्हल एकदाची?"

टेबलावर कॅलेंडरचं तेलकट पान पडलेलं होतं. एकोणीस तारखेचा चौकोन वरच होता. ती एक ओळ वाचून दाखवली की बावीस वर्षांचा हिशेब चुकता होणार होता. मधुकररावांनी मान खाली घातली होती. उजवा हात डाव्या हातात दाबून धरला होता, आणि ते वाट बघत होते.

"नाही रे," पद्मजाबाई म्हणाल्या. "माझी उडी चुकली."

मुकुल पलीकडे मनसोक्त हसला. पद्मजाबाईंनी पान उचललं, पाककृतीची बाजू वर करून घडी घातली आणि लोणच्याच्या बरणीखाली ठेवायला आत गेल्या. जाता जाता थांबल्या.

"सात वाजता चहा टाकते," त्या म्हणाल्या. "तोवर बोटं जरा गरम पाण्यात धरून ठेवा."